शेषराव मिस्त्रींची हाक

शेषराव मिस्त्रींच्या दुकानात पाऊल टाकायचं तर आधी अंगावरचं काय काय उतरवायचं, हे मला अजून पाठ आहे. ओढणी, बांगड्या, घड्याळ, गळ्यातली साखळी, कॉलेजच्या ओळखपत्राची दोरी. दाराशी एक खुंटी होती. तिच्यावर सगळं टांगायचं आणि मग आत यायचं. देवळातसुद्धा लोक नुसत्या चपला काढतात. पहिल्या दिवशी मी जरा नाक मुरडलं, तेव्हा मिस्त्रींनी आपला उजवा हात माझ्या डोळ्यांसमोर धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं.

"थे दोन बाहीसंगं गेले," ते म्हणाले. "लेथ कोनाचं ऐकत नाई, मास्तरीनबाई. थो निस्ता फिरते."

मी मुकाट्याने ओढणी खुंटीला लावली आणि केसांचा अंबाडा घट्ट केला.

दुकान अकोल्यात, कापूस बाजाराच्या मागच्या एका गल्लीत. पत्र्याचं, लांबट, अरुंद. पुढे लेथ, म्हणजे लोखंड गरगर फिरवत घासून घडवायचं यंत्र, मध्ये एक उंच लोखंडी कपाट आडवं टाकलेलं, आणि कपाटाच्या मागे बाक, बाकावर लोखंड पकडायचा शेगडा, कोपऱ्यात नळ. बाहेर ऊन रटरटत असलं तरी आत दिवेलागणीसारखा उजेड. मिस्त्री सत्तरीचे, बुटके आणि रुंद. अंगात अर्ध्या बाह्यांची बंडी, खाली खाकी पँट. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. ऑपरेशनचं नाव काढलं की ते तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे. बोलणं कमी आणि तुटक. माझी पुण्याची नणंद एकदा माझ्यासोबत आली होती. दहा मिनिटांनी बाहेर पडताना तिने हळूच विचारलं, "आपलं काही चुकलं का गं?" मी म्हटलं, "नाही, आज ते फार खुशीत होते."

मी कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. तिथे मी शुद्ध बोलते. मिस्त्रींसमोर उभी राहिले की दोन मिनिटांत माझी भाषा घरी परत जायची. त्यांच्याकडे जायचं कारणही घरचंच होतं.

अंजनगाव सुर्जीजवळ आमचा संत्र्याचा बाग आहे. बाबा तिथे राहतात. ऐंशी ओलांडली, गुडघे गेले, पण अकोल्याला चला म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "तुह्या त्या डब्यात मी काय करू?" डबा म्हणजे माझा फ्लॅट. बागेत त्यांना चालवत नाही, म्हणून ते फिरायचे तट्टूवर. तट्टू हा आमचा बागेतला ट्रॅक्टर. परदेशी, बुटका, मूळचा लाल असावा. कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यात तो हिरवळ राखायला होता. बंगल्याचं सामान विकलं गेलं तेव्हा बाबांनी तो आणला, मी तेव्हा शाळेत होते. संत्र्याच्या फांद्या खाली लवलेल्या असतात, मोठा ट्रॅक्टर आत शिरत नाही. तट्टू बरोबर शिरतो. एका उन्हाळ्यात त्याचं इंजिन कायमचं जाम झालं, आणि बाबा ओसरीवर बसले ते बसलेच. महिनाभरात त्यांचा आवाज बारीक झाला. मला भीती वाटली. लोक असे बसतात आणि मग उठत नाहीत, हे मी आमच्याच घरात पाहिलेलं आहे.

अमरावतीच्या जुन्या बाजारात फवारणी पंपाचं एक इंजिन मिळालं. ताकद तेवढीच, बसायची जागाही जुळत होती. अडलं ते क्रँकशाफ्टपाशी. क्रँकचा जो दांडा इंजिनातून बाहेर येतो आणि ज्याच्यावर ट्रॅक्टरची पुली बसते, तो जुन्या इंजिनाचा बारीक आणि लांब होता, नव्याचा जाड आणि तोकडा. म्हणजे दांडा लेथवर घासून बारीक करायचा आणि टोकाला आटे पाडून एक जोड लावून तो लांबवायचा. ऐकायला सोपं आहे. पण जुन्या बाजारातलं इंजिन, दुसरा क्रँक मिळणं नाही. शिवाय ही पुली चालवणाऱ्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर फिरते. अमरावतीत दोघांनी हात जोडले. तिसरा म्हणाला, "नवं घ्या ना मॅडम, लय मस्त मशिनी निंघाल्या." आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या माणसाने शेवटी शेषराव मिस्त्रींचं नाव सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तो जरा घुटमळला. "माणूस एक नंबर आहे," तो म्हणाला. "फक्त तिथे जास्त वेळ थांबू नका."

मिस्त्रींनी क्रँक उचलला, बोटांच्या पेरांनी चाचपला. दुसरा कोणी विचारतो तसं, हे कशाचं, कधी पाहिजे, असं त्यांनी काही विचारलं नाही.

"याच्यावर बसते कोन?"

"माहे बाबा."

"वय?"

मी सांगितलं. त्यांनी खडू घेतला आणि लेथच्या डोक्यावर, जिथे आधीचं एक नाव पुसल्याची पांढरी खूण होती, तिथे लिहिलं: मास्तरीनबाई. ही त्यांची रीत होती. ज्याचं काम त्याचं नाव समोर पाहिजे. मी म्हटलं, बसणार बाबा आहेत तर माझं नाव कशाला?

"काही झालं तं मले इचारायले तुमीच येसान," मिस्त्री म्हणाले.

त्या दिवशी लेथवर दुसरंच एक काम चढलेलं होतं. ते आधी संपवायचं म्हणून मी स्टुलावर बसून राहिले. मिस्त्रींनी लेथ बंद केला, केसाइतकी जाडी मोजणारा मायक्रोमीटर लावला, चांगला डोळा बारीक केला आणि मागे न वळता मोठ्याने हाक दिली, "चौतीस साठ!"

म्हणजे चौतीस मिलिमीटर आणि वर साठ शतांश. मग मायक्रोमीटर डबीत ठेवला आणि ते थांबले. हात हँडलवर, मान किंचित मागे कललेली. डोक्यावर पंखा फिरत होता. पाच-सहा सेकंद गेले. "हं," ते समाधानाने म्हणाले आणि त्यांनी लेथ सुरू केला.

मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ही दोघांची पद्धत आहे. एकाने मापायचं आणि हाक द्यायची. दुसऱ्याने यायचं, स्वतः मापायचं, जुळलं तर म्हणायचं, 'है'. त्याशिवाय हत्यार पुन्हा लोखंडाला लावायचं नाही. लोखंड कमी करता येते, मास्तरीनबाई, जास्त करता येत नाई, असं ते म्हणाले. मला ते फार पटलं. आमच्या प्रयोगशाळेतही मी एकाचं माप दुसऱ्याकडून तपासून घेते.

"आत कोन हायेत?" मी विचारलं.

"गफूर."

"मी चहा सांगते. त्यायलेबी बोलवा ना."

"थो येत नाई भाईर," मिस्त्री म्हणाले. "काम असते त्याले."

जाताना मी सहज कपाटाच्या मागे डोकावले. बाक होता, शेगडा होता, नळाखाली उपडा घातलेला मग होता. माणूस नव्हता. मागच्या दाराने गेले असतील, असं मला वाटलं. आमच्या कामाचा नंबर लागेपर्यंत मी खेपा घालत होते; त्या दुकानाला मागचं दार नाही, हे तिसऱ्या खेपेला लक्षात आलं. त्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी चहावाल्याला मी दोन कट चहा सांगितले आणि म्हटलं, एक आतल्या गफूरभाईंना द्या.

त्याने किटली खाली ठेवली. "कोनाले? गफूरचाचाले?" तो म्हणाला. "त्यायले जाऊन धा-अकरा वर्सं झाले, मॅडम."

मला हसू आलं नाही. अकोल्याचा मे महिना, दुपारचे दोन, गल्लीत कुत्रंसुद्धा सावलीबाहेर नव्हतं, आणि माझ्या दंडावर काटा उभा राहिला.

आता मी भित्री बाई नाही. भूतबित माझ्या विषयात बसत नाही, आणि मुलांना मी तसं दरवर्षी ठणकावून सांगते. म्हणून मी ठरवलं, की म्हातारा माणूस, एवढ्या वर्षांची सवय, हाक दिल्यावर थांबायची. थांबण्यातून त्यांना पुन्हा विचार करायला वेळ मिळत असेल. खुंटीवरच्या घड्याळाकडे बघत मी ते थांबणं मोजायला लागले. साध्या कामाला पाच-सहा सेकंद. अवघड कामाला पंधरा, कधी वीस. दुसरं कोणी मापत असतं तर जेवढा वेळ लागला असता, बरोबर तेवढा. हेही मी सवयीतच जमा केलं.

मग एकदा मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावला. विचारून लावला. "घ्या," मिस्त्री म्हणाले, "माह्यं काय जाते?" घरी येऊन भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून मी ते ऐकलं. मायक्रोमीटरच्या मागे एक छोटी मूठ असते. माप पक्कं झालं की ती टिकटिक करते. वर्गात चाळीस मुलांची चाळीस यंत्रं एकदम वाजतात, तो आवाज मी झोपेतही ओळखेन. रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज होता. मग मिस्त्रींची हाक. डबीचं झाकण लागल्याचा आवाज. पंखा. पंखा. आणि मग, जरा लांबून, पुन्हा तीन वेळा टिकटिक. त्यानंतर मिस्त्रींचं "हं".

दुकानात मायक्रोमीटर एकच होता आणि तो डबीत गेलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. तापलेलं लोखंड गार होताना असं वाजतं, मी स्वतःला सांगितलं. मग ते रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं. प्रयोगाची नोंद पुसणाऱ्या मुलाला मी वर्गाबाहेर काढलं असतं. पण पुसलं खरं.

आमच्या क्रँकचा दिवस उजाडला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. क्रँक हे फार वेडंवाकडं प्रकरण असतं. त्याचं वजन एका बाजूला असतं, त्यामुळे लेथवर फिरवला की तो सगळा लेथ हलवतो. मिस्त्रींनी उलट्या बाजूला लोखंडाचे तुकडे बांधून तो तोलला. तोलायलाच त्यांना दीड तास लागला. मग दांड्यावर हत्यार लागलं. निळसर किस वेटोळी घेत खाली पडायला लागला. दांडा मूळचा अठ्ठावीस मिलिमीटर होता. तट्टू जुन्या काळचा, त्याचं सगळं माप इंचात, म्हणून पुलीसाठी हवा होता बरोबर एक इंच, म्हणजे पंचवीस चाळीस. थोडं घासायचं, मापायचं, हाक द्यायची, थांबायचं, "हं". असं तीनदा झालं. मी मोजायचं सोडून दिलं होतं.

चौथ्यांदा त्यांनी मापलं. "सव्वीस चाळीस!"

म्हणजे अजून एक मिलिमीटर काढायचा. ते थांबले.

पाच सेकंद. पंधरा. तीस. मिस्त्रींच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. त्यांनी पुन्हा हाक दिली, जरा मोठ्याने. "सव्वीस चाळीस!" पुन्हा तेच. पंखा फिरत होता. मला उठून बाहेर जावंसं वाटत होतं. दोन मिनिटं तरी गेली असतील.

"नाई म्हनून रायला नाई," मिस्त्री पुटपुटले, "पन है बी म्हनून रायला नाई."

मग त्यांनी मायक्रोमीटर माझ्यापुढे धरला. "तुमी पाहा. तुमी पोट्ट्यायले शिकवता ना हे?"

शिकवते. दर जूनला पहिला प्रयोग हाच असतो. मी दांड्यावर मायक्रोमीटर लावला, मूठ फिरवली, टिकटिक झाली. या यंत्रात एक जागा अशी आहे, जिथे हुशार मुलंही फसतात. मूठ एक पूर्ण फेरी फिरली की माप अर्ध्या मिलिमीटरने सरकतं. मधली बारीक रेघ दिसली की नाही, एवढ्यावरून ते ठरतं. पाहणाऱ्याची नजर जरा कमी असेल तर पुढची रेघ उघडल्यासारखी वाटते. मी उजेडाकडे धरून पाहिलं.

"पंचवीस नव्वद," मी म्हटलं.

 मिस्त्रींच्या हिशेबाने एक मिलिमीटर काढायचा होता. खरा काढायचा होता अर्धाच. त्यांनी त्या वेळी हत्यार लावलं असतं तर दांडा अर्ध्या मिलिमीटरने जास्त बारीक झाला असता, पुली ढिली बसली असती, आणि बाबांच्या गुडघ्याशी ती एक दिवस सुटली असती.

"अर्धा," ते स्टुलावर बसत म्हणाले. "वापस अर्धाच."

तेव्हा त्यांनी मला गफूरचं सांगितलं. एकदाच, आणि लेथकडे बघत. एका दालमिलचा शाफ्ट होता. रमजान होता. रोजा सोडायची वेळ जवळ आली होती, म्हणून गफूर मागच्या नळावर हात-तोंड धुऊन बसला होता. शेषरावांनी मापलं आणि हाक दिली. गफूर उठायला लागला.

"मीच म्हनलं, राहू दे बे. धुतलेले हात काहून तेलात घालतं? मंग त्यानं तिथूनच म्हनलं, है." मिस्त्रींनी उरलेल्या तीन बोटांनी तोंड पुसलं. "माह्या मापात अर्धा चुकेल होता. शाफ्ट बारीक झाला. पुली ढिली लागली तं आमी तिले पाचर मारून बसवली. चालवून पाहाले गफूरच पुढं उभा होता. पुली सुटली थे त्याच्या छातीवर आली."

मी लेथवर बांधलेल्या आमच्या क्रँककडे पाहिलं. 

"तवापासून थो पाहल्याबिगर बोलत नाई," मिस्त्री म्हणाले. ते उठले, लेथपाशी गेले आणि मागे न वळता त्यांनी हाक दिली, "पंचवीस नव्वद!"

या वेळी माझ्याजवळ मोबाईल नव्हता. मी माझ्या कानांनी ऐकलं. कपाटाच्या मागून, तीन वेळा, टिकटिक. मायक्रोमीटर माझ्या हातात होता.

"हं," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी लेथ सुरू केला.

इंजिन बसवायला ते स्वतः अंजनगावला आले. एसटीने आले, क्रँक तेलाच्या फडक्यात गुंडाळून बाळासारखा मांडीवर घेऊन. बाबा आणि ते एकमेकांशी जेमतेम चार वाक्यं बोलले असतील, पण दोघांची गट्टी जमली. न बोलणारी माणसं एकमेकांना लगेच ओळखतात. जोड लागला, पुली बसली, पट्टा चढला. दोरी ओढताच तट्टू फुरफुरला आणि बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बसायला निघाले तर मिस्त्रींनी हात आडवा केला.

"आज नाई. अर्धा घंटा निस्ता चालू द्या."

त्यांनी पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. मग ते उठून पुलीच्या समोर जाऊन उभे राहिले. बाजूला नाही, समोर. हात मागे बांधून, छाती पुढे काढून. मी म्हटलं, मिस्त्री, तिथून सरका. ते हलले नाहीत. बाबांनीही सांगून पाहिलं. अर्धा तास पुली त्यांच्या छातीसमोर फिरत राहिली आणि ते तिच्याकडे बघत राहिले. गफूर त्या दिवशी कुठे उभा होता, हे मला त्या अर्ध्या तासात कळलं. इतका लांब अर्धा तास मी आयुष्यात काढलेला नाही.

"बसा आता," शेवटी ते बाबांना म्हणाले. आणि निघताना मला म्हणाले, "क्रँकले काही होत नाई. झिजन तं जोड झिजन. एक जास्तीचा जोड करून ठेवतो तुमच्यासाठी."

बाबा दुसऱ्या दिवसापासून बागेत जायला लागले. आवाज पुन्हा जाड झाला. फोनवर मला शिव्या द्यायला लागले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. कामाच्या धबडग्यात त्या जास्तीच्या जोडाचं मी विसरून गेले.

संत्री उतरली तेव्हा एक पिशवी भरून मी मिस्त्रींकडे घेऊन गेले. दुकानाचं अर्धं शटर खाली होतं. बाहेर त्यांचा मुलगा उभा होता. तो म्हणाला, बाबाले लकवा मारला, उजवा हात गेला, बोलनं गेलं. लेथ इकला, उद्या गाडी येऊन रायली उचलाले. "तरी रोज येऊन उभे रायतात. तुमी भेटून घ्या."

मी वाकून आत गेले. सवयीने ओढणी, घड्याळ, बांगड्या खुंटीवर टांगल्या आणि दाराशीच उभी राहिले. लेथवर एक छोटं काम चढलेलं होतं. मिस्त्री डाव्या हाताने मायक्रोमीटर लावत होते. तो पुन्हा पुन्हा निसटत होता. शेवटी जमला. त्यांनी डोळा बारीक केला, तोंड उघडलं आणि हाक दिली. म्हणजे द्यायला गेले. नुसता श्वास बाहेर आला.

तरी ते थांबले. हात हँडलवर, मान मागे कललेली.

मी नको नको म्हणताना मनात मोजत होते. वीस. चाळीस. साठ. काही नाही. हाकच गेली नव्हती, तर मागून उत्तर कुठून येणार? मिस्त्रींची मान थरथरायला लागली होती, आणि तरी ते वळून बघत नव्हते. मला ते सहन होईना. उद्या लेथ जाणार, आज त्यांना हा एक शब्द मिळाला तर कोणाचं काय बिघडणार आहे, असं मला वाटलं.

"है," मी दारातूनच म्हटलं.

त्यांचा चेहरा एक क्षणभर उजळला. मग आवाज भलत्याच बाजूने आला, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हँडलवरचा हात काढून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मिस्त्री माझ्यावर कधी रागावले नव्हते. तेव्हाही तो राग नव्हता. ते घाबरले होते. डाव्या हाताने त्यांनी लेथच्या डोक्याकडे बोट दाखवलं. तिथे खडूने, पहिलीतल्या पोराच्या अक्षरासारखं वाकडं, लिहिलेलं होतं: मास्तरीनबाई.

लेथवर होता तो आमच्या तट्टूचा जास्तीचा जोड. तो बाबांच्या गुडघ्याशी फिरणार होता. आणि मी स्वच्छ हातांनी, दारात उभी राहून, न बघता है म्हटलं होतं.

 मी जवळ गेले. त्यांनी मायक्रोमीटर पुढे केला. तो तेलकट होता आणि गरम होता. मी तो जोडावर लावला, मूठ फिरवली, उजेडाकडे धरला. मधली रेघ नखाने चाचपून पाहिली. पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. दोन्ही वेळा माप तेच आलं; पंचवीस चाळीसला यायला अजून थोडं काढायचं बाकी होतं. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी मायक्रोमीटर डबीत ठेवला, झाकण लावलं, आणि मागे न वळता मोठ्याने हाक दिली, "पंचवीस सत्तर!"

आम्ही थांबलो. पंखा फिरत होता. पाच-सहा सेकंद गेले असतील. मग आम्ही दोघांनी एकदमच होकाराची मान डोलावली, आणि मिस्त्रींनी लेथ सुरू केला.